वामनदादा ऐकायचे कसे? सुरुवात शेवटच्या कडव्यापासून

आमच्या ऑफिसात नवीन लागलेली एक मुलगी मागच्या महिन्यात म्हणाली, "काका, मला वामनदादा कर्डक ऐकायचेत. दहा गाण्यांची यादी पाठवा ना." मी हो म्हणालो आणि पाठवली नाही. यादी मिळाली की माणूस पहिली दोन गाणी लावतो, तीही भांडी घासता घासता, 'छान आहेत हो' म्हणतो आणि संपलं. वामनदादांच्या बाबतीत तर यादीची आणखी एक अडचण आहे. त्यातली निम्मी गाणी तुम्ही आधीच ऐकलेली असतात, फक्त ती त्यांची आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून यादीऐवजी हे सविस्तर टिपण. मी संगीतातला जाणकार नाही. नाशिकरोडला वाढलो, लहानपणापासून ही गाणी कानावर पडली, पुढे नाद लागला, एवढीच माझी पात्रता.

आधी माणूस नीट ओळखा

वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी. गेले १५ मे २००४ला. दोन्ही तारखा पंधरा, त्यामुळे लक्षात ठेवायला सोप्या. स्वतः लिहायचे, स्वतः चाल बसवायचे आणि गावोगाव जाऊन स्वतःच गायचे. हल्ली इंग्रजीत ज्याला सिंगर-साँगरायटर म्हणतात तेच, फक्त हातात गिटार नाही आणि मागे कंपनी नाही. १९४३ साली पहिलं गाणं केलं, तेही एका हिंदी गाण्याचं विडंबन. तिथून पुढे साठेक वर्षं हाच उद्योग. गाण्यांचा आकडा दहा हजारांच्या घरात सांगतात. मोजायला कोणी बसलं नव्हतं, पण पुस्तकांत आलेली गाणी त्यातला लहानसा वाटा आहेत एवढं नक्की.

इथेच एक खड्डा आहे, तो चुकवा. कर्डक दोन. भीमराव कर्डक हे आधीच्या पिढीतले, तेही नाशिक जिल्ह्यातलेच, आंबेडकरी जलसा, म्हणजे गाण्या-नाट्यातून बाबासाहेबांचे विचार सांगणारा कार्यक्रम, उभा करणाऱ्यांतलं मोठं नाव. 'माझी दहा भाषणं आणि यांचा एक जलसा सारखाच' असं बाबासाहेब म्हणाल्याचं जे सांगतात, ते भीमरावांच्या जलशाबद्दल. आपल्याकडे फ्लेक्सवर ते वाक्य सर्रास वामनदादांच्या फोटोखाली छापलेलं दिसतं. आडनाव एक, जिल्हा एक, त्यामुळे छापणाऱ्याला दोष तरी किती द्यायचा! पण तुम्ही दोघांना वेगळं ठेवा.

पहिली पायरी: जे ठाऊक आहे तेच पुन्हा ऐका

नवं काही शोधू नका. 'उद्धरली कोटी कुळे, भीमा तुझ्या जन्मामुळे' लावा. नाशिकमध्ये राहत असाल आणि हे कधीच कानावर आलं नसेल, तर एक तर तुम्ही एप्रिलमध्ये बाहेरगावी जाता किंवा खिडक्या लावून बसता.

आता हे गाणं हाताच्या बोटांवर मोजा. उ-द्ध-र-ली-को-टी-कु-ळे, आठ अक्षरं. भी-मा-तु-झ्या-ज-न्मा-मु-ळे, पुन्हा आठ, आणि शेवटी यमक. हाच साचा तुम्हाला शाळेपासून पाठ आहे: जे-का-रं-ज-ले-गां-ज-ले, त्या-सी-म्ह-णे-जो-आ-पु-ले. आठ आणि आठ. म्हणजे हा धाकटा अभंग आहे. ज्या माणसाला देवळाच्या बाहेर उभं केलं गेलं, त्याने देवळातलाच छंद उचलला आणि देवाच्या जागी बाबासाहेबांना ठेवलं. हे मुद्दाम ठरवून केलं की दिंडी-भजनं ऐकून कानात मुरलेलं आपोआप बाहेर आलं, यावर आमच्या कट्ट्यावर भांडणं होतात. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. त्र्यंबकच्या वाटेवरच्या जिल्ह्यात वाढलेल्या पोराला अभंग शिकवावा लागत नाही.

आठवडाभर हे एकच गाणं निरनिराळ्या आवाजांत ऐका. शेकडो जणांनी गायलंय. चाल थोडी इकडे तिकडे होते, ठेका बदलतो, शब्द मात्र जागचे हलत नाहीत.

दुसरी पायरी: शेवटचं कडवं पकडा

या लेखातली खरी युक्ती ही. वामनदादांचं गाणं ओळखायचं असेल तर मुखडा ऐकून भागत नाही, शेवटपर्यंत थांबावं लागतं. तुकारामांच्या अभंगात 'तुका म्हणे' येतं, गझलेच्या मक्त्यात शायराचं नाव येतं, तसं वामनदादांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात बहुतेक वेळा 'वामन' येतो. कधी स्वतःलाच टोमणा मारत, कधी हात जोडत, कधी नुसता उभा राहून बघत. तीच त्यांची सही, तोच कॉपीराइट.

हे मला उशिरा कळलं. वडिलांकडे टू-इन-वन होता आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तीसेक कॅसेटी. त्यातल्या एकीच्या आतल्या कागदावर गायकाचं नाव ठळक, संगीतकाराचं त्याखाली, आणि गीतकाराच्या जागी छापलेलं 'पारंपरिक'. मी वर्षानुवर्षं ते खरं मानलं. मग एका दुपारी तीच कॅसेट लावून वही-पेन घेऊन गाणं उतरवायला बसलो, आणि शेवटच्या कडव्यात 'वामन' आला. कॅसेट मागे घेतली, पुन्हा ऐकलं. पुन्हा 'वामन'. छापणाऱ्याने नाव गाळलं होतं, पण गाण्यातून ते काढता आलं नव्हतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, ती एकटीच असं करत होती असंही नाही.

तेव्हा तुम्हीही एक वही करा. मोबाइलमधली नाही, कागदाची. डाव्या पानावर मुखडा, उजव्या पानावर शेवटचं कडवं. मधली कडवी नंतर. माझ्या वहीत अशी एकशे चाळीस-पन्नास गाणी झाली आहेत.

एक अडचण येईल. डीजेवर वाजणाऱ्या रीमिक्समध्ये शेवटचं कडवं बहुधा कापलेलं असतं. मुखडा, एक अंतरा, पुन्हा मुखडा, मग नुसता ढणढणाट. बरोबर सहीच कापली जाते. म्हणून रीमिक्स ऐका, नाचा, मीही नाचलोय, पण वहीत उतरवू नका.

उलटी चूकही करू नका. जोरदार भीमगीत ऐकलं की ते वामनदादांचंच, असं नसतं. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात मी एकदा माइकवरून मोठ्या ऐटीत सांगितलं, "आता सादर होत आहे वामनदादांचं 'जग बदल घालुनी घाव'." समोर सतरंजीवर बसलेल्या एक आजी उठल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "आरं बाळा, ते अण्णाभाऊंचं हाय. वामनदादांला वामनदादांचं पुरं हाय." पाचशे माणसं हसली. तेव्हापासून मी माइक हातात घेण्याआधी वही बघतो.

तिसरी पायरी: 'पाच लोक'

इथे जरा थांबा, घाई करू नका. 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते, तलवारीचे तयांच्या न्यारेच टोक असते.' माझ्या मते वामनदादांचं सगळं सामर्थ्य या दोन ओळींत दिसतं.

आधी बांधणी बघा. ओळीच्या शेवटी 'असते' हा शब्द परत परत येतो, तो रदीफ. त्याच्या आधी लोक, टोक, पुढे चोख, हे काफिये. म्हणजे ही गझलेची चौकट. छंद आनंदकंद: गागालगा लगागा, गागालगा लगागा. हे नाव घाबरवणारं वाटलं तर सोडून द्या आणि एक प्रयोग करा. 'सारे जहाँ से अच्छा' ज्या चालीत म्हणता, त्याच चालीत 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते' म्हणून बघा. एक मात्रा कमी नाही, एक जास्त नाही. दोन्हींचं माप एकच. मला हे कळलं तेव्हा मी बसमध्ये होतो आणि मोठ्याने म्हणून बघितलं. शेजारचे गृहस्थ उठून दुसरीकडे बसले.

दुसरी ओळ म्हणताना आणखी एक गंमत कळेल. लिहिताना आपण 'तलवारीचे' लिहितो, दीर्घ 'री'. पण वृत्तात ती जागा लघु आहे, म्हणून गाणारा 'तलवारिचे' म्हणतो. छापलेलं वाचून पाठ केलेला गायक इथे अडखळतो आणि ऐकून शिकलेला सरळ जातो. नवा गायक कोणत्या वाटेने आला हे मी या एका अक्षरावरून ओळखतो. कधी कधी चुकतोही.

आता अर्थ. हे स्तुतीचं गाणं नाही, तक्रारीचं आहे, आणि तक्रार परक्यांची नाही, आपल्याच माणसांची आहे. बाबासाहेबांचे अनुयायी लाखोंनी आहेत, फोटो घराघरांत आहे, पण त्यांच्या मताने चालणारे पाच तरी आहेत का, असं हा माणूस जयंतीच्या मंडपातच उभं राहून विचारतो. लाख नाही, हजार नाही, पाच. मागणी इतकी छोटी करून ठेवल्यामुळेच ती झोंबते. गंमत म्हणजे हे गाणं सुरू झालं की स्टेजवर बसलेले सगळ्या गटांचे पुढारी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवतात. त्या पाचांतला आपण एक, असं प्रत्येकाला वाटत असावं.

हे गाणं निदान दहा वेळा ऐका. पहिल्या पाच वेळा फक्त ठेका लक्षात राहतो. नंतर टोचायला लागतं.

चौथी पायरी: हसवणारे वामनदादा

गंभीर ऐकून झालं की 'सांगा आम्हाला बिर्ला, बाटा, टाटा कुठाय हो' लावा. पुढे 'धनाचा साठा' येतो आणि मग 'आमचा वाटा'. बाटा, टाटा, साठा, वाटा. भाजी मंडईत भाव करावा तसा हिशेब मागितलाय. देशाच्या संपत्तीची वाटणी या विषयावर लोक पुस्तकं लिहितात, इथे एका यमकाने काम झालंय. पहिल्यांदा ऐकणारा हसतो. लहान पोरांना हे गाणं फार आवडतं, बाटाचं दुकान त्यांना माहीत असतं ना.

'तुफानातले दिवे आम्ही, तुफानातले दिवे' हे मात्र एकट्याने हेडफोन लावून ऐकायचं गाणं नाही. ते कोरसचं आहे. दहा माणसं एकदम म्हणतात तेव्हाच पेटतं, म्हणून ते आठव्या पायरीसाठी राखून ठेवा.

पाचवी पायरी: बाजारात चाललेली गाणी

'हिट' म्हणावं असं त्यांच्याकडे बरंच काही आहे आणि ते सगळं चळवळीचं नाही. 'सांगा या वेडीला, माझ्या गुलछडीला' हे पडद्यावर गाजलेलं गाणं त्यांचंच. 'चल गं हरणे तुरू तुरू'सुद्धा. माझ्या आत्याला हे सांगितलं तेव्हा तिने विश्वासच ठेवला नाही, "ते तर सिनेमातलं आहे!" म्हणाली. चाळीस वर्षं स्वयंपाक करताना गुणगुणत होती.

कट्टर चाहते ही गाणी बाजूला ठेवतात. दादांनी पोटासाठी लिहिली, असं थोडं दबक्या आवाजात सांगतात. मला ते पटत नाही. मुखडा असा बांधायचा की एकदा ऐकून परत म्हणता यावा, हे कसब दोन्हीकडे तेच आहे. गुलछडीच्या गाण्यात नादाची जी मजा आहे, तीच बाटा-टाटामध्ये आहे. पोटासाठी लिहिलं तर काय बिघडलं? सिनेमाच्या गाण्यांनी त्यांना श्रीमंत केलं नाही, हे मात्र खरं.

सहावी पायरी: मग आयुष्य वाचा

आधी गाणी, मग चरित्र. उलट केलं तर गाण्यात फक्त कष्ट ऐकू येतात आणि कारागिरी निसटते.

लहानपणी शाळा घडली नाही. पोटासाठी मुंबई गाठली, मजुरीची मिळतील ती कामं केली. तिथे एकाने त्यांच्या हातात पत्र दिलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. तरण्याताठ्या माणसाला एक अक्षर वाचता येईना. ती शरम त्यांच्या मनात इतकी रुतली की देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी बाराखडी गिरवली आणि रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं पक्की केली. हे वाचल्यावर मी पहिल्या पायरीकडे परत गेलो. 'उद्धरली' या पहिल्याच शब्दात केवढं जोडाक्षर आहे बघा. पाट्या वाचून शिकलेल्या माणसाने ते तिथे ठेवलंय.

आता 'भीमवाणी पडली माझ्या कानी, तीच वाणी ठरली माझी गाणी' ऐका. 'कानी' शब्दावर थांबा. ज्याच्या हातात पुस्तक नव्हतं त्याच्याकडे विचार कानाने आला आणि गळ्यातून बाहेर पडला. याला अलंकार समजू नका, घडलेली हकिगत आहे ती.

पुस्तकं: 'वाटचाल' (१९७३), 'मोहळ' (१९७६), 'हे गीत वामनाचे' (१९७७) आणि स्वतःची जीवनकथा 'माझ्या जीवनाचं गाणं' (१९९६). दुकानात सहज मिळत नाहीत. आपल्या नाशकात १८४० सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, आधी तिथे चौकशी करा. ६ डिसेंबरला आणि १४ ऑक्टोबरला पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तिथे खाली बसून ढीग उपसायची तयारी ठेवा. फोटोकॉपी करून बांधलेली प्रत कोणी देऊ केली तर घ्यायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी घेतली आहे. नंतर छापील मिळाली तेव्हा तीही घेतली.

१९९३ साली वर्ध्याला पहिलं अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष वामनदादा. शाळेत न गेलेला माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. संमेलनाध्यक्षांच्या शिक्षणाची मोठमोठी यादी निमंत्रणपत्रिकेवर बघायची सवय झालेल्यांनी हे दोनदा वाचावं.

सातवी पायरी: एक रविवार

आपण नाशिककर आहोत याचा इथे फायदा घ्या. सकाळी लवकर पंचवटीत काळाराम मंदिरापाशी जा. २ मार्च १९३० रोजी इथे सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा वामनदादा सात वर्षांचे होते. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा तेरा. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा चौतीस. हे सगळं एका माणसाच्या बालपणात आणि तारुण्यात बसतं, आणि पहिली दोन ठिकाणं तर आपल्याच जिल्ह्यात आहेत.

तिथून नाशिकरोडमार्गे सिन्नर, पुढे देशवंडी. गाव लहान आहे, काही भव्य बघायला मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. चहा प्या, पारावर बसा, कोणी म्हातारं माणूस भेटलं तर विचारा. सिन्नरकडची बोली कानात पडली की त्यांच्या काही ओळी वेगळ्या ऐकू येतात. 'कुठाय हो' हे पुण्याच्या उच्चारात म्हणून बघा, मग सिन्नरच्या. मला काय म्हणायचंय ते कळेल. उन्हाळ्यात जाणार असाल तर टोपी घ्या.

आठवी पायरी: मंडपात बसा

मोबाइलवर जे ऐकलं ते सगळं तयारी होती असं समजा. वामनदादांची गाणी कार्यक्रमात बसून ऐकायची असतात. १४ एप्रिलच्या आधी आठ-दहा दिवस आणि नंतर जवळजवळ महिनाभर नाशिकमध्ये कुठे ना कुठे गायन पार्टी असतेच. जुन्या नाशकात, नाशिकरोडला, सातपूर-सिडकोत, देवळालीगावात. जयंतीच्या दिवशी शालिमारच्या पुतळ्याजवळ इतकी गर्दी असते की गाणं नीट ऐकू येत नाही, तिथे अभिवादन करा आणि ऐकायला दुसऱ्या रात्री गल्लीतल्या मंडपात जा.

पत्रिकेवर रात्री आठ लिहिलेलं असतं. साडेनऊला या. पहिला तास हार-तुरे आणि सत्कारात जातो, तो काही चुकत नाही. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांच्या असतात, तिथे बसलात तर सारखं उठावं लागेल. सतरंजीवर, स्टेजच्या ज्या बाजूला ढोलकवाला बसलाय त्या बाजूला जागा धरा. बेंजो कुठूनही ऐकू येतो, ढोलक जवळूनच कळतो. साउंडच्या भिंतीसमोर बसू नका, दुसऱ्या दिवशी कामाला जायचं असतं.

गायक मुखडा दोनदा घेईल, कोरस तो उचलेल. दुसऱ्या खेपेला तुम्हीही म्हणा, कोणी हसत नाही. एखादी ओळ आवडली की लोक उठून दहा-वीस-पन्नासाची नोट गायकाच्या हातात देतात किंवा हार्मोनियमवर ठेवतात, आणि गायक पुढची ओळ थांबवून देणाऱ्याचं नाव माइकवर घेतो. नवख्याला याचा रसभंग वाटतो, मलाही वाटायचा. पण त्या पार्टीची त्या रात्रीची कमाई बऱ्याचदा त्याच नोटांत असते आणि वामनदादांची पिढीसुद्धा अशाच बक्षिसांवर जगली. तेव्हा खिशात सुट्टे ठेवा.

फर्माईश चिठ्ठीने करायची. आरडाओरडा करून कोणी ऐकत नाही. चिठ्ठी कोरसमधल्या शेवटच्या माणसाकडे द्या, तो पुढे सरकवतो. अकराच्या आत द्या, त्यानंतर गायक थकलेला असतो आणि पोलिसांची गाडी एक चक्कर मारून गेलेली असते. घाईत गाणी आखडली जातात आणि पहिला बळी शेवटच्या कडव्याचा जातो. म्हणून मी चिठ्ठीत नुसतं गाण्याचं नाव लिहीत नाही. मोठ्या अक्षरांत, चष्म्याशिवाय वाचता येईल असं लिहितो: 'पाच लोक असते, वामन येईपर्यंत.' खाली वीसची नोट टाचणीने लावतो. गायक वाचतो, हसतो, ढोलकवाल्याकडे बघून मान हलवतो.